आरव, हळू

रस्त्यावर पांढऱ्या रंगात, परातीएवढ्या अक्षरांत माझ्या नातवाचं नाव लिहिलेलं होतं.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते नातवाचं नाव आहे हे कळलं नाही. ए, आर, ए, एफ अशी चार अक्षरं आणि जवळच इंग्रजीत 'स्लो'. मी आपलं 'अराफ' असं वाचलं. वेल्समध्ये रायडर नावाच्या गावात ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या बाईंनी रात्री दुरुस्ती केली. वेल्शमध्ये एका एफचा उच्चार 'व'. म्हणजे आरव. आरव म्हणजे हळू.

मला हसूच आवरेना. पुण्यातला आमचा आरव जन्मल्यापासून एकदाही हळू गेलेला नाही. तो जिना उतरत नाही, कोसळतो. सुनेने इंटरनेटवर 'शांत' असा अर्थ पाहून नाव ठरवलं. मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे बारशालाच सांगितलं होतं की आरव म्हणजे आवाज, गलका. पण बारशाच्या दिवशी कोशाचं कोण ऐकतं? आणि आता ही तिसरीच भाषा सुनेच्या बाजूने उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सायकलींवरून निघालो. वळण आलं की आरव, पूल आला की आरव. मी प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायची, "आरव, हळू!" मागून लेक ओरडली, "आई, कोणाशी बोलतेयस?"

रस्ते मात्र खरोखरच हळू जाण्याचे होते. वाय नदीच्या काठाने, एका गाडीपुरते. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच जिवंत कुंपणं, त्यामुळे नदी दिसायची कमी आणि ऐकू यायची जास्त. समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे सरकून जागा द्यायची, आणि जाणारा स्टिअरिंगवरचं एकच बोट उचलणार. हात नाही, एक बोट. तासाभराने मीही हँडलवरून बोट उचलायला लागले. वर घारी. आपल्यासारख्याच, पण तांबूस आणि दुभंगलेल्या शेपटीच्या. एके काळी ब्रिटनमधल्या या जातीच्या शेवटच्या काही जोड्या याच डोंगरांत उरल्या होत्या म्हणे. आता माना वर करकरून कंटाळा येईल इतक्या आहेत.

रायडर म्हणजे मूळचं ऱ्हाएआद्र गुई, 'वाय नदीवरचा धबधबा'. 1780 साली पूल बांधताना तो धबधबा जवळजवळ फोडूनच टाकला. नाव राहिलं. मला अशी गावं आवडतात. आपल्याकडे वड नसलेली वडगावं आणि चिंच नसलेल्या चिंचवाड्या किती आहेत, त्यांच्यात हे एक.

सायकलचं सांगायचं राहिलं. लेकीने माझ्यासाठी बॅटरीची सायकल भाड्याने घेतली होती. मला तो अपमान वाटला. मी वाईला तासाला चार आणे देऊन सायकल शिकलेली आहे. दुकानदार वहीत वेळ लिहायचा आणि त्याचं घड्याळ नेहमी दहा मिनिटं पुढे असायचं. सायकल पुरुषी, नळीची. नळीच्या खालून पाय घालून हाफ पॅडल मारत, एका बाजूला कलून मी गणपतीच्या घाटापर्यंत जायची. परकराचा घोळ चेनमध्ये अडकून एकदा अशी आपटले की परकराचा अर्धा काठ चेनमध्येच राहिला. दादा धावत आला आणि आधी सायकल उचलली, कारण तास संपत आला होता. मी अजून दर रक्षाबंधनाला ते काढते.

तर अशी मी, आणि बॅटरी! पण पहिला चढ लागला तसं गुपचूप बटण दाबलं. लेक काही बोलली नाही. जावई तर बोलणारच नव्हते.

खरं म्हणजे ही सगळी सहल डाळीपायी निघाली. आदल्या वर्षी लंडनला भाचीकडे पंधरा दिवस होते. तिथे तूरडाळ शिजता शिजेना आणि किटलीच्या तळाशी चुन्याचा थर. लेकीकडे बर्मिंगहॅमला आले तर त्याच डाळीचं चार शिट्ट्यांत मेण. मी विचारलं, "पाणी कुठलं गं इथलं?" पुण्यात हा प्रश्न विचारला की खडकवासला, पानशेत अशी उत्तरं येतात. ती म्हणाली, "नळाचं." जावयांनी मात्र शोधून काढलं. पाणी येतं शेजारच्या वेल्समधून, एलान खोऱ्यातल्या धरणांतून, 117 किलोमीटरवरून. आणि पंप न लावता येतं, नुसत्या उतारावर. उतारही किती, तर 2300 मीटरला एक मीटर. पाणी ताशी तीन किलोमीटरच्या आसपास चालत येतं आणि त्याला दीड दिवस लागतो.

मला ते चालत येणारं पाणी फार आवडलं. म्हटलं, मी त्याला भेटायला जाणार.

रायडरहून धरणांकडे जायला सायकलची वाट आहे. धरणं बांधायला दगड आणि सिमेंट नेणारी रेल्वे तिथून जायची. काम झालं, रूळ उखडले, वाट राहिली. म्हणून चढ इतका सोज्वळ की बटणाची गरज नाही. आधी काबान कोख, मग गारेग दी, मग आणखी दोन, एकामागून एक दगडी भिंती. काम 1893 साली सुरू झालं आणि 1904 साली सातवा एडवर्ड राजा येऊन पाणी सोडून गेला. मे महिना होता, वरच्या धरणावरून पाणी भिंतभर पांढरं सांडत होतं आणि शाळेतली पोरं त्याकडे पाठ करून वेफर्स खात होती.

गारेग दीला पाण्याखाली बुडालेली एक भिंत आहे आणि तिच्यावर कमानींचा पूल. पुलावर फलक वाचत उभी होते. खोऱ्यातली शंभरेक माणसं उठवली. चर्च गेलं, शाळा गेली, शेती गेली. 1812 साली कवी शेली ज्या घरात राहिला होता तेही गेलं. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कुळांना काही नाही.

आमच्या आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, बामणोलीच्या बाजूचं. आता ते कोयना धरणाच्या जलाशयाच्या, शिवसागराच्या तळाशी आहे. मी नऊ-दहा वर्षांची असताना तापोळ्याला गेलो होतो. लाँचमध्ये बसल्यावर निम्म्या वाटेत आजीने वाकून पायांतल्या चपला काढल्या आणि मांडीवर घेतल्या. आई म्हणाली, "अहो, चपला कशाला काढल्या? भिजतील पाय." आजी म्हणाली, "खाली देऊळ आहे." एवढंच म्हणाली. सगळी लाँच तिच्याकडे बघत होती आणि मला तिची लाज वाटली होती.

मी चपला नाही काढल्या. बूट होते, नाड्यांचे. पण सायकलवर बसून तो पूल ओलांडला नाही. हातात धरून चालत नेली.

त्या रात्री घरमालकीण बाईंनी मला त्यांचा जोड-एल शिकवायचा घाट घातला. जीभ 'ल'च्या जागेला टेकवायची आणि दोन्ही बाजूंनी फुंकर सोडायची. मी फुंकर सोडली, मेणबत्ती विझली, अक्षर काही आलं नाही. बदल्यात मी त्यांना 'ळ' दिला. 'बाळ' म्हणा म्हटलं, त्या 'बाल' म्हणाल्या. 'डाळ' म्हणा, 'डाल'. दोघी हरलो. त्यांनी लोण्यात न्हालेला बाराब्रिथचा आणखी एक तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. बाराब्रिथ म्हणजे चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड पाव, आणि चहात बुडवून पुन्हा खाल्ला तरी चालतो, हे माझं संशोधन.

परतीच्या वाटेवर गाडीत मी हिशेब मांडला. शनिवारी दुपारी तीनला बघितलेलं पाणी सोमवारी पहाटे तीनला बर्मिंगहॅमच्या वेशीवर पोचणार. जावई म्हणाले, "आई, तिथे गाळतात, साठवतात. नळाला कधी येईल सांगता येत नाही."

असू दे. सोमवारी साडेपाचला उठले, नळ सोडला, किटली भरली. पुण्याला फोन लावला तर तिकडे सकाळचे दहा वाजून गेलेले. सून म्हणाली, आरव सोसायटीतल्या सायकलवरून पडलाय, गुडघा फुटलाय, पण थांबायला तयार नाही.

"त्याला सांग..." मी म्हटलं, आणि काय सांगायचं ते सुचेना. तोवर किटली बंद झाली. चहा नेहमीसारखाच झाला होता.