रस्त्याकडेच्या वीरगळाला फलक लागेपर्यंत

आमच्या गावाच्या वेशीबाहेर, फाट्यावरून आत वळणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताला, बाभळीच्या बुंध्याशी एक कोरीव दगड अर्धा मातीत रुतून उभा होता. गावात त्याला 'वीरोबा' म्हणत. अमावास्येला कुणीतरी नारळ फोडे, वरात तिथे क्षणभर थांबे. पण शेंदरातेलाच्या पुटांखाली काय कोरले आहे, हे आमच्यापैकी कुणी कधी पाहिले नव्हते. रस्ता रुंद करण्यासाठी चुन्याची आखणी झाली आणि दगड त्या रेघेच्या आत आला, तेव्हा मी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. तिथून तो सुरक्षित जागी उभा राहून शेजारी माहितीचा फलक लागेपर्यंत चौदा महिने गेले. असे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, ठिकठिकाणी आहेत आणि रस्तेही सगळीकडे रुंद होत आहेत, म्हणून हा अनुभव लिहून ठेवतो आहे.

शेंदूर खरवडायचा नाही, तारेचा ब्रश किंवा ॲसिड तर अजिबात लावायचे नाही, असे एका जाणकाराने आधीच बजावले होते. त्यांच्याच सांगण्यावरून रात्री गेलो आणि टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकला. दिवसा जे नुसते उंचवटे वाटत होते, त्यांच्या सावल्या पडल्या आणि आकृत्या उमटल्या. वर चंद्र आणि सूर्य, त्याखाली शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला पुरुष, त्याच्या खालच्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा, आणि त्याखाली ढाल-तलवार घेऊन दोघांशी लढणारा तोच वीर. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: लढाई, मरण, स्वर्गारोहण आणि शेवटी कैलासपद. चंद्रसूर्य असेतोवर त्याची स्मृती राहावी, हा माथ्यावरच्या खुणेचा अर्थ. नाव मात्र कुठेच नव्हते.

दगड वाचवण्यासाठी केलेला माझा पहिला अर्ज परत आला. एका कार्यालयाने सांगितले की रस्ता आमचा, दगड आमचा नाही. दुसऱ्याने सांगितले की हे संरक्षित स्मारक नाही, तेव्हा आमचा संबंध येत नाही. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी नियमाला धरून असतीलही, पण त्यांच्या मधल्या फटीतच असे दगड खडीखाली गाडले जातात, याचे मला आजही वाईट वाटते. दुसऱ्या अर्जात मी मागणी कमी आणि माहिती जास्त दिली: मोजपट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी काढलेले फोटो, गट क्रमांक, रस्त्याच्या मध्यापासूनचे अंतर, आणि शंभर वर्षांहून जुने शिल्प १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष, म्हणजे प्राचीन वस्तू, ठरते, हे एक वाक्य. सोबत ग्रामसभेचा ठराव लागणार होता. १५ ऑगस्टची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, पुढच्या सभेत ठराव मंजूर झाला. त्यानंतर संयुक्त पाहणी झाली आणि दगड बारा फूट आत, गायरानाच्या कडेला हलवण्यास परवानगी मिळाली.

खरा वेळ गेला तो फलकावरच्या मजकुरात. गावातल्या तरुणांना 'शिवकालीन मावळ्याचे स्मारक' असे लिहायचे होते. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, परंतु दगडावर लेख नसताना शतक ठरवून टाकणे मला पटेना. अलिबागजवळच्या आक्षीच्या दगडावर तर लेख कोरलेला आहे, शिलालेखांचे अभ्यासक डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला आणि तरीही त्यावर अभ्यासकांत मतभेद झालेच. बोरिवलीतल्या एक्सरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई स्पष्ट दिसते, तरी ती नेमकी कोणती, हे शिलाहार आणि यादव राजघराण्यांच्या इतिहासाशी ताडूनच मांडावे लागते. मग आमच्या मुक्या दगडाच्या तोंडी आपण शब्द कसे घालायचे? यावर चावडीवर तीन बैठका झाल्या आणि एकदा आवाजही चढले.

दगड हलवायच्या दिवशी नेहमी पूजा करणाऱ्या आजींनी आधी नारळ वाढवला. यंत्राचा धक्का नको म्हणून भोवतीची माती माणसांनी पहारीने, नंतर हातांनी काढली. दीड हात खोल गेल्यावर आणखी एक चौकट उघडी पडली. तिच्यावर कधी शेंदूर चढलाच नव्हता, त्यामुळे छिन्नीच्या रेघा ताज्या असाव्यात तशा दिसत होत्या. वीर आडवा पडलेला, आणि त्याच्या उशाशी एकामागे एक तीन गाई. शेवटच्या गाईची मान मागे वळलेली. आजी खाली बसल्या, त्या गाईवरची माती त्यांनी पदराने पुसली आणि म्हणाल्या, "गुरं सोडवायला गेला होता गं बाई हा." गाई पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्याचा दगड असा कोरतात, हे मी वाचले होते, आजींनी ते बघून सांगितले. त्यानंतर मावळ्याचा आग्रह कुणी धरला नाही. माझ्या मसुद्यात या गाईंचा उल्लेख नव्हता, त्यामुळे तोही बदलावा लागला.

फलक ग्रॅनाइटचा केला, कारण पत्र्याचे फलक दोन पावसाळ्यांत गंजतात. तो दगडाला खेटून न लावता हातभर बाजूला, वेगळ्या चौथऱ्यावर बसवला. त्यावर एवढेच आहे: 'वीरगळ. गाईंच्या रक्षणासाठी लढताना मरण पावलेल्या वीराचे स्मारक. वीराचे नाव व काळ दगडावर कोरलेला नाही. गावात यास वीरोबा म्हणतात.' शेवटचे वाक्य त्या तरुणांनी सुचवले, आणि ते माझ्या मसुद्यात आधीपासून असायला हवे होते.

आता शेजारच्या शिवारात ओढ्याच्या काठी असेच आणखी दोन दगड असल्याचे कळले आहे. तिथे येत्या रविवारी टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन जायचे आहे, आणि आजीही येणार आहेत.