इंचॉनच्या गल्लीतील जुन्या वळणाचे जाजांगम्यॉन

सोलहून मेट्रोच्या पहिल्या क्रमांकाच्या मार्गाने इंचॉन हे शेवटचे स्थानक गाठायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. बाहेर पडताच समोर चायनाटाउनची कमान दिसते. १८८३ मध्ये हे बंदर परकीय व्यापाराला खुले झाल्यावर शांतुंग प्रांतातून आलेल्या चिनी लोकांनी येथे वस्ती केली आणि त्यांच्या नूडल्सचेच पुढे कोरियन जाजांगम्यॉन झाले. गोंगह्वाचुन या जुन्या उपाहारगृहाच्या इमारतीत २०१२ पासून या पदार्थाचे संग्रहालय आहे. ते आधी पाहून घ्यावे, म्हणजे पुढचे जेवण अधिक कळते.

जेवायला मात्र मुख्य रस्त्यावर न थांबता मी दहा मिनिटे चालून वस्तीतल्या एका लहान चिनी खानावळीत गेलो. तेथे आजोबा स्वयंपाक करत होते आणि आजी वाढत होत्या. भिंतीवरच्या दरफलकात ‘येन्नाल जाजांग’, म्हणजे जुन्या पद्धतीचे जाजांग, ५,००० वॉनला होते. बटाटा, कांदा, कोबी आणि डुकराच्या मांसाचे तुकडे घालून केलेला हा काळा रस्सा नेहमीच्या जाजांगपेक्षा पातळ आणि कमी गोड असतो. वाडगा समोर येताच तळापासून नीट कालवून लगेच खायला सुरुवात करावी, कारण थोडा वेळ गेला तरी नूडल्स फुगतात आणि एकमेकींना चिकटतात. निम्मे संपल्यावर वरून थोडी लाल मिरचीपूड भुरभुरावी. सोबत पिवळा मुळा आणि कच्चा कांदा मिळतो. तो कांदा चुंजांग या काळ्या सोयाबीन-पेस्टमध्ये बुडवून खातात. जेवताना कांदा फोडून घेणाऱ्या आपल्या माणसाला ही जोडी परकी वाटत नाही.

माझे मन मात्र उल्म्यॉन या दुसऱ्या नूडल्सच्या पदार्थाने जिंकले. स्टार्च लावून दाट केलेल्या, जवळजवळ पारदर्शक रश्श्यात अंड्याचे धागे, माकुलाचे तुकडे आणि गाजराचे काप तरंगत होते. दाटपणामुळे हा रस्सा शेवटच्या घासापर्यंत गरम राहतो आणि त्यात जाम्पोंग या लाल रश्श्याच्या नूडल्सचा तिखटपणा अजिबात नसतो. अलीकडे अनेक ठिकाणच्या यादीतून हा पदार्थ नाहीसा होत आहे; त्यामुळे फलकावर दिसला तर तोच मागवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

शाकाहारी मंडळींनी सावध राहावे. जाजांगचा रस्सा आधीच मांस घालून शिजवलेला असतो. गानजाजांग या प्रकाराचा रस्सा पाणी न घालता मागणीनुसार परतला जात असल्याने ‘गोगी पेगो’, म्हणजे मांस वगळून, अशी विनंती तेथे करता येते. तरी तेल डुकराच्या चरबीचे असू शकते, हे आधी विचारून घ्यावे. भूक मोठी असेल तर ‘गोप्पेगी’ म्हणावे, थोड्या जादा पैशांत मोठा वाडगा येतो. पाणी बहुधा स्वतःच घ्यायचे असते आणि बक्षिशीची पद्धत नाही. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान अशा बऱ्याच खानावळी बंद असतात, म्हणून साडेबाराची गर्दी ओसरल्यावर, दीडच्या सुमारास पोहोचणे सर्वांत सोयीचे.