१८८२ च्या पेनीवरचा एच गेला कुठे?

बिस्किटाच्या डब्यातल्या जुन्या ब्रिटिश नाण्यांपैकी शेवटच्या चाळीस पेन्या शनिवारी एकदाच्या बघून संपवल्या. घेतल्या होत्या २४०, म्हणजे जुन्या हिशेबाने बरोबर एक पौंड. डबा उचलताना सव्वादोन किलोचं ओझं जाणवतं.

त्यात अंबाडेवाली व्हिक्टोरिया, म्हणजे राणीचं अंबाडा घातलेलं चित्र असलेली पेनी निघाली. साल १८८२, आणि सालाखाली एच हे अक्षर नाही! तेव्हा रॉयल मिंट या ब्रिटनच्या सरकारी टाकसाळीत नवी यंत्रं बसत होती, म्हणून पेन्या पाडायचं काम बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीकडे गेलं. तो एच त्यांचाच. एच नसलेली १८८२ इतकी दुर्मीळ की चहा तसाच निवला. दहापट भिंगाखाली काहीच दिसेना. मग दिवा टेबलाच्या पातळीला आणला आणि नाणं हळूहळू फिरवलं. एका कोनात एचच्या डाव्या दांडीची सावली उमटली, केसाएवढी. झालं! झिजलेलं नाणं. वजन ८.९ ग्रॅम भरलं, नवं असताना ९.४५ असतं. तरी हे प्रामाणिक झिजलेलं. जिथे साल ठसठशीत आणि नेमकी एचची जागा गुळगुळीत, तिथे कुणाची तरी कानस फिरलेली असते.

पंचम जॉर्जच्या पेन्यांची प्रतवारी मात्र मला पुन्हा करावी लागली. मागच्या बाजूच्या ब्रिटानियाचा, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा, चेहरा आणि छाती सपाट दिसली की मी सरळ 'फाइन', म्हणजे बरीच झिजलेली प्रत, लिहून मोकळा होत होतो. चूक माझी. राजाचं डोकं इतकं उठावाचं होतं की ठसा पडताना धातू तिकडेच ओढला जायचा आणि मागची ब्रिटानिया अर्धवट उठायची. ती झीज नव्हे. आता आधी राजाचे कानावरचे केस बघतो, मग मागची बाजू. अकरा नाणी वरच्या 'व्हेरी फाइन' प्रतीत चढली. एक उतरलं, कारण कुणीतरी ते घासलेलं: चिंचेने घासलेल्या तांब्यासारखं गुलाबी होतं, आणि कडेच्या अक्षरांत कळंक तसाच.

हा उठावाचा घोळ निस्तरायला १९२६ मध्ये डोक्याचा ठसा बदलला. ओळखायची खूण सोपी: मानेखाली बी आणि एम, शिल्पकार मॅकेनलची आद्याक्षरं. जुन्या ठशात त्यांना टिंबं आहेत, नव्यात नाहीत. त्या वर्षातल्या नव्या ठशाच्या फार थोड्या सापडतात.

डब्यात १९२६ च्या चार होत्या. चारही टिंबवाल्या.