24 साध्या मागांवरनं 8 रेपियर मागांवर : आमची वाटचाल

आजोबा हातमागावर विणायचे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो 1904 साली, पण आमच्या घरात माग यायला लई वर्षं गेली, वडील आधी दुसऱ्याच्या कारखान्यात कामगार होते, मग कर्ज काढून 4 माग टाकले, खर्चीवाले म्हणून व्यापाऱ्याचं सूत आणून मजुरीवर विणायचं, असं करत करत 24 झाले.

साधा माग म्हणजे धोट्याचा, बाण्याचं म्हणजे आडवं सूत धोटा इकडनं तिकडं नेतो. मिनिटाला 140 च्या आसपास पिकं (पीक म्हणजे आडव्या सुताची एक फेरी), एक कामगार 6 माग बघायचा, 12 तास पाळी, तीपण उभ्यानं. मजुरी पिकावर, त्यामुळं सूत खराब आलं आणि माग थांबला की फटका कामगाराला. आणि आवाज! वडलांचे कान साठीच्या आतच गेले.

2017 ला माग किलोवर भंगारात घातले, 8 जुने रेपियर, म्हणजे बिनधोट्याचे वेगवान माग घेतले. 400 पिकांनी पळतात, म्हणजे कापड जवळपास 24 मागांएवढंच. सगळ्यात आधी संपलं ते कांडीचं काम, म्हणजे धोट्यात बसवायच्या कांड्यांवर सूत भरायचं, रेपियरला धोटाच नाही, बाण्याचं सूत थेट कोनावरनं (सुताच्या मोठ्या गुंडीवरनं) जातं. आमच्याकडं 3 बायका कांड्या भरायच्या. दोघींना कापड तपासायला आणि घडीला घेतलं, तिसऱ्या मावशींना नजरेमुळं तपासणी जमेना, त्या घरी बसल्या. बँकेच्या हप्त्यामुळं त्यांना हातात काही देता आलं नाही, ते अजून मनाला लागतं.

विणणारे 8 जण होते. 12 तासांच्या दोन पाळ्या ठेवल्या असत्या तर 4 जणांत भागलं असतं, व्यापारीपण तेच सांगत होता. आम्ही 8 तासांच्या तीन पाळ्या केल्या, पाळीला दोघं, म्हणजे 6 जण राहिले, सातवा जॉबरकाम (माग दुरुस्तीचं काम) शिकला, आठवा स्वतःहून गावी शेतीकडं गेला. पिकाचा हिशेब बंद करून महिन्याचा पगार सुरू केला. तेव्हा एकानं तोंडावर विचारलं, मालक, माग तिप्पट पळतोय मग पगार पहिल्याएवढाच कसा? बरोबरच होतं त्याचं. त्याला हप्त्याचा कागद दाखवला आणि सांगितलं की कर्ज फिटलं की यातला वाटा तुमचा.

कर्ज गेल्या वर्षी फिटलं, दुसऱ्याच महिन्यापासनं हप्त्याच्या रकमेतला अर्धा भाग पगारात घातलाय. त्यातल्या एकाची पोरगी आता आयटीआयला जाते, तो दुपारी 3 ला सुटतो आणि तिला आणायला जातो.