स्टॉल चाचणीची नोंद: डावा पंख आधी का पडत होता

मागच्या नोंदीतील, रिमोटवर उडणाऱ्या लो-विंग (पंख धडाच्या तळाशी असलेल्या) मॉडेल विमानाची आता नऊ उड्डाणे झाली आहेत आणि या महिन्यातले सगळे काम स्टॉलभोवतीच, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटते त्या अवस्थेभोवतीच, फिरले. पंखांचा एकूण पसारा 180 सेंटिमीटर, पंखाची रुंदी सर्वत्र 30 सेंटिमीटर आणि बॅटरीसह वजन 3.4 किलो आहे. बेळगावचा सांबरा विमानतळ जवळ असल्याने शहराच्या आसपास उडवण्याचा विचारच सोडून दिला; खानापूर तालुक्यात भात कापून झालेले एक शेत मालकाच्या परवानगीने मिळाले. ड्रोन नियम 2021 प्रमाणे ग्रीन झोनमध्येही (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) 400 फूट, म्हणजे सुमारे 120 मीटर, ही वरची मर्यादा आहे. माणूस बसलेल्या विमानाचे स्टॉल हजारो फुटांवर करून पाहतात. ती चैन आपल्याला नाही. म्हणून स्टॉल 110 मीटरवरच सुरू करायचा आणि 50 मीटर उंची जाण्याच्या आत विमान सावरलेले असलेच पाहिजे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला.

कागदावर स्टॉलचा वेग ताशी सुमारे 35 किलोमीटर येतो. मात्र हा आकडा फक्त सरळ उड्डाणाचा आहे. स्टॉल वेगामुळे नव्हे, तर पंख आणि समोरून येणारी हवा यांतील कोन साधारण 15 अंशांच्या पुढे गेल्यामुळे होतो. 60 अंश कलून उंची न सोडता वळताना पंखांवर दुप्पट भार येतो आणि तोच स्टॉल ताशी 50 किलोमीटरला गाठतो. शिवाय खानापूरची उंची सुमारे 650 मीटर आणि दुपारचे तापमान 32 अंश धरले, तर हवा समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे 12 टक्के विरळ असते आणि स्टॉलचा खरा वेग जवळजवळ 7 टक्क्यांनी वाढतो. वरच्या 35 च्या आकड्यात हे धरलेलेच आहे. कोकणात उतरलो, तर तो थोडा कमी होईल.

पहिल्या दोन स्टॉलमध्ये डावा पंख किंचित खाली गेला. वाऱ्याचा दोष असेल म्हणून मी तिकडे काणाडोळा केला, ती चूक झाली. तिसऱ्या वेळी तोच पंख झपकन पडला आणि माझ्या बोटाने, मला न विचारता, उजवा एलेरॉन (विमान कलवणारी, पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) दिला. त्यामुळे डाव्या पंखाचा एलेरॉन खाली वळला, आधीच स्टॉल झालेल्या त्या टोकाचा कोन आणखी वाढला आणि विमान डावीकडे गिरक्या घेऊ लागले. रिमोटच्या पडद्यावरची उंची वाचायला उभा केलेला पुतण्या "काका, ऐंशी... काका, साठ!" असे ओरडत होता. मोटर बंद, एलेरॉन मध्यावर, रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) पूर्ण उजवीकडे आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) पुढे, हे सगळे होईपर्यंत तीन गिरक्या झाल्या आणि विमान 35 मीटरवर सरळ झाले. घातलेला नियम मोडला, हे मान्य करतो. 25 ऑगस्ट 1912 रोजी इंग्लंडमधील सॅलिसबरी मैदानावर वैमानिक विल्फ्रेड पार्क यांचे ॲव्हरो विमान असेच गिरक्यांमध्ये, म्हणजे स्पिनमध्ये, सापडले होते. आधीचे उपाय फसल्यावर त्यांनी गिरकीच्या उलट रडर दिला आणि जमिनीपासून जेमतेम 50 फुटांवर विमान सुटले. शंभर वर्षांनंतरही हात पहिल्यांदा चुकीच्याच दिशेला जातो.

घरी पंख टेबलावर ठेवून कोन मोजले. उजव्या टोकाला वॉशआउट (टोकाकडे पंख पिळून कमी केलेला कोन) 2 अंश, डाव्याला फक्त अर्धा. म्हणजे डावे टोक दीड अंश जास्त कोनात उडत होते आणि आधी स्टॉल होत होते. रिब (पंखाच्या फासळ्या) जोडताना डाव्या बाजूची पट्टी जिगवर (जोडणीच्या साच्यावर) नीट बसली नसावी. पंखाची रचना मोकळी (फासळ्यांवर नुसती फिल्म ताणलेली) असल्याने इलाज सोपा होता. एकाने टोक पिळून धरायचे आणि दुसऱ्याने आवरणाच्या फिल्मवरून इस्त्री फिरवायची, वरच्या बाजूने आणि मग खालच्या, सुरकुत्या जाईपर्यंत. थंड झाल्यावर 2 अंश आले. गाडीच्या मागच्या काचेखाली दोन तास उन्हात ठेवून पुन्हा मोजले तेव्हा पावणेदोन भरले. फिल्म सैलावते, हे लक्षात घेऊन आता प्रत्येक उड्डाणाआधी कोन तपासतो.

दुसरी गोष्ट गुरुत्वमध्याची. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून 9.6 सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या 32 टक्क्यांवर होता. उड्डाण हलके वाटते म्हणून मला तो आवडायचा, पण गुरुत्वमध्य मागे गेला की स्पिन चपटी होते आणि नाक खाली आणण्याची एलिव्हेटरची ताकद घटते. 600 ग्रॅमची बॅटरी साडेआठ सेंटिमीटर पुढे सरकवल्यावर तो दीड सेंटिमीटर पुढे, 27 टक्क्यांवर आला.

काल सहा स्टॉल केले. सहाही वेळा नाक सरळ खाली गेले आणि सरासरी 18 मीटर उंची गेली. मुद्दाम स्पिन अजून केलेली नाही. आता 45 अंश कलून वळताना स्टॉल पाहायचा आहे. तिथे वेग ताशी सुमारे 42 यायला हवा. बांधावरच्या मामांनी मात्र, "इमानाला चक्कर यायची बंद झाली का?" असे विचारलेच.