आमची वाटचाल: सव्हाना बंदर ते अटलांटा

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सव्हाना बंदरातून कंटेनर उचलायचा, आय-१६ महामार्गाने मेकन गाठायचं, तिथून आय-७५ने अटलांटा. आमचा धंदा हाच. सुरुवातीला एकच ट्रक होता. तो मी चालवायचो, हिशेब आणि बिलं बायको बघायची. मूळचे आम्ही सांगलीचे, घरात ट्रकचा धंदा जुना. त्यामुळे डिझेल, टायर, थकलेलं भाडं यांचं दडपण कधी आलं नाही. दडपण यायचं विम्याच्या नूतनीकरणाचं.

आमच्यासारख्या मालवाहतूकदाराला अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने किमान ७,५०,००० डॉलरचा विमा लागतो. माल देणारे दलाल सहसा १० लाखांचा मागतात. एकदा आमचा ट्रक सिग्नलला उभा असताना मागून गाडी येऊन धडकली, आणि दावा आमच्यावरच लागला. चूक आमची नव्हती, तरी विमा कंपनीने तडजोड केली, कारण खटल्यात ज्युरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, किती रक्कम देईल याचा नेम नव्हता. पुढच्या वर्षी प्रीमियम असा चढला की दुसऱ्या ट्रकचा हप्ता भरताना नाकी नऊ आले.

जॉर्जियात तेव्हा जखमीने सीटबेल्ट लावला नव्हता, हे ज्युरीला सांगताही येत नसे. २१ एप्रिल २०२५ रोजी गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी एसबी ६८ या भरपाईच्या दाव्यांबाबतच्या कायद्यावर सही केली आणि ते बदललं. आता जखमीच्या वेदनांची भरपाई मागताना आकड्याचा पुराव्याशी संबंध असावा लागतो. मला सगळ्यात मोलाची वाटते ती दोन टप्प्यांची सुनावणी: पक्षकाराने मागितली तर आधी चूक कुणाची ते ठरतं, रकमेचा विषय नंतर. जखमा पाहून कुणाचंही मन हेलावतं, माझंही. पण चूक कुणाची हे त्यावरून ठरू नये.

हा कायदा विमा कंपन्यांच्या सोयीचा आहे, असं इथले बरेच जण म्हणतात. ट्रकखाली सापडलेल्या माणसाला पुरेपूर भरपाई मिळालीच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. २००५ साली राज्याने वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांत वेदनांच्या भरपाईवर ३,५०,००० डॉलरची मर्यादा घातली होती. ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केली. नव्या कायद्यात तशी मर्यादा नाही, आणि ते योग्यच झालं.

आमचा प्रीमियम अजून उतरलेला नाही. जुने दावे निकाली निघेपर्यंत उतरेल, अशी माझी अपेक्षाही नाही. सगळ्या ट्रकांना पुढे-मागे कॅमेरे बसवलेत. पुढचा ट्रक घ्यायचा की नाही, ते येत्या नूतनीकरणाचा आकडा हातात आल्यावर ठरवू.