गडावर परसाकडे जाताना

जंगलात शौचाला बसायचं तर खड्डा खणा, असं सगळे सांगतात. हरिहरच्या माथ्यावर खणायचं कुठे? नाशिकच्या बहुतेक गडांवर वर कातळ, त्यावर बोटभर माती आणि मधे कातळात खोदलेली पाण्याची टाकी. यातली बरीच टाकी आजूबाजूच्या उतारावरून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्याने भरतात. टाक्याच्या वरच्या अंगाला कोणी बसलं, की पुढच्या जोरदार सरीत ते सगळं पिण्याच्या पाण्यात. गॅस्ट्रो, टायफॉइड आणि कावीळ याच वाटेने येतात. उन्हाळ्यात पायथ्याच्या पाड्यावरच्या बायका ज्या झिऱ्यावर हंडे भरतात, तिथलं पाणीही याच डोंगरातून झिरपलेलं असतं.

म्हणून हे काम पायथ्यालाच उरकलेलं सगळ्यात चांगलं. पहाटे ४ वाजता घराबाहेर पडणाऱ्यांचं पोट साफ झालेलं नसतं. वाटेत चहा-मिसळ झाली की आतडी हलायला लागतात आणि कळ येते नेमकी अर्ध्या चढावर. त्यामुळे खाऊन झाल्यावर गावात अर्धा तास थांबा. कोणाच्या घरचा संडास वापरायचा तर आधी विचारा, पैसे द्या आणि पाणी आपलं न्या. त्या घरातली बादली कोणीतरी लांबून भरून आणलेली असते.

वाटेतच जायची वेळ आली तर टाकं, ओढा, पायवाट आणि मुक्कामाची जागा यांपासून निदान ६० मीटर लांब जा, म्हणजे साधारण ८० पावलं. पाणी उतरतं ती घळ किंवा नाळ कोरडी दिसली तरी टाळा. पालापाचोळा कुजून काळसर झालेली माती शोधा. कांदा खुरपायला वापरतात तेच खुरपं इथे चालतं. वीतभरापेक्षा थोडा कमी, १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि जवळपास तितकाच रुंद खड्डा घ्या. याहून उथळ असला तर कुत्री आणि रानडुकरं उकरतात. फार खोल गेलात तर मैला कुजवणारे जिवाणू तिथे कमी असतात आणि तो तसाच पडून राहतो. खणलेली माती शेजारी ढीग करून ठेवा.

आपण पाणी वापरतो, हा फायदाच आहे, कारण कागदाचा प्रश्न उरत नाही. मात्र धुतलेलं पाणीही खड्ड्यातच पडलं पाहिजे. अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने चार-पाच भोकं पाडा. बाटली दाबली की बारीक धार येते आणि तेवढं पाणी पुरतं. ही बाटली वेगळी ठेवा, तिच्यावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि ती कधीही टाक्यात बुडवू नका. पाणी जिरलं की माती लोटा, पायाने दाबा, वर पाला पसरा. नुसता दगड ठेवून झाकलेलं लवकर कुजत नाही. ओले वाइप्स बहुतेक प्लॅस्टिकच्या धाग्यांचे असतात, ते पुरायचे नाहीत. कागद जाळायचाही नाही. फेब्रुवारीनंतर वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली तरी वणवा लागतो.

हात साबणानेच धुवा, २० सेकंद, नखांसकट. मळलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही. कागदी साबणाच्या वड्या खिशात मावतात. साबणाचं पाणी टाक्याकाठी सांडू नका, तेही लांब मातीत.

माथ्यावर मुक्काम असेल आणि माती नसेल, तर मैला खाली आणायचा. ऐकायला अवघड वाटतं, पण करायला सोपं आहे. वर्तमानपत्र पसरून त्यावर बसायचं, वर दोन मुठी राख किंवा लाकडाचा भुसा टाकायचा, पुडी करून दोन पिशव्यांत बांधायची आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची. राखेने ओल आणि वास दोन्ही दबतात. घरी आल्यावर आतलं संडासात ओता. कागद-पिशव्या मात्र त्यात टाकू नका.

बायकांची अडचण वेगळी आहे. आडोसा मिळणार नाही म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी दाबून ठेवतात. मग चक्कर येते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो. यावर उपाय गटप्रमुखाने करायचा. दर दीड-दोन तासांनी थांबा घ्या, पुरुषांना पुढे पाठवा, आणि एकीने छत्री धरून उभं राहायचं हे निघतानाच ठरवा. लघवीला खड्डा लागत नाही, पाण्यापासून अंतर मात्र तितकंच ठेवा. पॅड पुरू नका, जाळू नका. कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून परत आणा आणि घंटागाडीत वेगळं द्या. पाळीचा कप वापरत असाल तर खड्ड्यात रिकामा करून पिण्याच्या पाण्याने धुवा.

पावसाळ्यात धुकं असताना आडोशासाठी कारवीच्या झुडपांत फार आत शिरू नका. कारवी थेट कड्याच्या टोकापर्यंत वाढलेली असते आणि पुढची पोकळी दिसत नाही. अंधारात टॉर्च न्या, बसण्याआधी काठीने गवत आणि दगड हलवा. या कातळात फुरसं हा विषारी साप असतो. कोणत्या बाजूला जाताय ते एकाला सांगून जा.